सर्व, कांहीं आणि एकही नाहीं

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांमध्यें एका निवृत्त संस्कृत-शिक्षकांचें पत्र होतें. त्यांची नात बँकेंतील अधिकाऱ्यांच्या परीक्षेस बसते. दोन वेळां अगदीं थोड्या गुणांनीं तिची संधि हुकली, आणि परीक्षेची वयोमर्यादा लक्षांत घेतां असे प्रयत्न वर्षानुवर्षें चालवितां येणार नाहींत. गणित तिला येतें, इंग्रजी येतें. गुण जातात ते तर्काच्या भागांत, आणि तेथेंही नेमके 'विधानें व निष्कर्ष' या प्रकारच्या प्रश्नांत. शिकवणीच्या वर्गांतून या प्रश्नांस सर्रास 'सिलॉजिझम' असेंच म्हणतात. आजोबांनीं तारुण्यांत तर्कसंग्रह पढला होता. नातीला मदत करावी म्हणून त्यांनीं तिची सरावाची प्रश्नपत्रिका हातीं घेतली, तों पहिल्याच प्रश्नांत 'सर्व मांजरें टेबलें आहेत, सर्व टेबलें ढग आहेत' अशीं विधानें आढळलीं, व त्यांवरून 'सर्व मांजरें ढग आहेत' हा निष्कर्ष निघतो कीं नाहीं, असें खालीं विचारलेलें. आजोबांचें म्हणणें असें कीं, जें प्रत्यक्षानेंच बाधित आहे त्याचें अनुमान करूं नये, आणि असल्या प्रश्नांनीं मुलांची बुद्धि घडत नसून बिघडते. नातीचें म्हणणें असें कीं, आजोबांनीं शिकवावयास घेतल्यापासून तिचीं उत्तरें अधिकच चुकूं लागलीं. दोघांनीं मिळून आम्हांस पंच नेमलें आहे.

पंचाचें काम बहुधा अप्रिय असतें, पण येथें तें सोपें आहे. कारण दोघांचेंही बरोबर आहे, आणि वाद उत्पन्न झाला आहे तो दोन निरनिराळे प्रश्न एकच समजल्यामुळें. 'हें खरें आहे काय?' हा एक प्रश्न. 'अमुक खरें धरलें, तर तमुक मानणें भाग पडतें काय?' हा दुसरा. परीक्षक पहिला प्रश्न विचारीतच नाहीं. किंबहुना या प्रश्नांच्या डोक्यावर सूचना छापलेली असते कीं, दिलेलीं विधानें सर्वसामान्य माहितीशीं विसंगत वाटलीं तरी तीं खरींच मानावींत. ही सूचना प्रत्येक परीक्षार्थी वाचतो. ती पाळणारे मात्र थोडे. मांजर ढग नाहीं हें परीक्षकासही ठाऊक आहे. त्यानें मुद्दाम मांजर आणि ढग घेतले ते एवढ्याचसाठीं कीं, सोंवळ्यांत शिरणारा माणूस बाहेरचीं वस्त्रें जशीं बाहेरच उतरून ठेवतो, तसें उमेदवारानें जगाविषयींचें आपलें ज्ञान घटकाभर बाहेर ठेवून आंत यावें.

आतां आजोबांच्या बाजूनें पाहूं. आपल्याकडील नैयायिकांचें परार्थानुमान, म्हणजे दुसऱ्यास पटवून देण्यासाठीं मांडलेलें अनुमान, पांच अवयवांचें असतें. पर्वतावर अग्नि आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथें धूर आहे, हा हेतु. जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघरांत, हें उदाहरण. हा पर्वतही तसाच धुराचा, हा उपनय. म्हणून तेथें अग्नि आहे, हें निगमन. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल (ख्रिस्तपूर्व ३८४ ते ३२२) यानें सिद्ध केलेली रचना तीन अवयवांची: दोन आधारविधानें आणि एक निष्कर्ष. या दोहोंतील भेद केवळ संख्येचा नव्हे. नैयायिकाला स्वयंपाकघर लागतें. व्याप्ति नुसती तोंडानें सांगून त्याचें समाधान होत नाहीं; ती कोठें तरी पाहिलेली असली पाहिजे, आणि समोरच्यासही ती मान्य असली पाहिजे, कारण त्याला खरें काय तें ठरवावयाचें असतें. ॲरिस्टॉटलच्या रचनेंत स्वयंपाकघराला जागा नाहीं. पर्वत, धूर, अग्नि यांच्या ठिकाणीं क, ख, ग घातले तरी तेथें कांहीं बिघडत नाहीं, आणि त्यानें स्वतः आपल्या ग्रंथांत अशीं अक्षरें घातलींही आहेत. बँकेची परीक्षा ही या दुसऱ्या घराण्याची आहे. तिच्यांत पहिल्या घराण्याची गायकी आणली म्हणजे दोन्ही बिघडतात.

परंतु आजोबांनीं हिरमुसलें होण्याचें कारण नाहीं, कारण किल्ली त्यांच्याच ग्रंथांत आहे. अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह सतराव्या शतकांतला. यशवंत वासुदेव आठल्ये यांनीं संपादिलेली व महादेव राजाराम बोडस यांच्या प्रस्तावनेची त्याची आवृत्ति मुंबईस १८९७ सालीं निघाली, आणि ती अजूनही अभ्यासकांच्या कपाटांत आढळते. त्या छोट्या ग्रंथांत अयथार्थ अनुभवाचे तीन प्रकार सांगितले आहेत: संशय, विपर्यय आणि तर्क. ग्रंथाच्या नांवांतील 'तर्क' शब्दाचा अर्थ निराळा. येथें तर्क म्हणजे, जें नाहीं हें आपणांस पक्कें ठाऊक आहे तें क्षणभर आहे असें धरून, त्यावरून काय ओढवेल तें पाहणें. पर्वतावर अग्नि नसता तर धूरही नसता, हा तर्क. जाणूनबुजून केलेल्या अशा आरोपास नैयायिक 'आहार्य' असें नांव देतात. म्हणजे खोटें खरें धरून चालणें हा व्यापार त्यांस अपरिचित नव्हता. त्यांनीं त्यास प्रमाण म्हटलें नाहीं, प्रमाणाचा साह्यकर्ता म्हटलें, इतकेंच. परीक्षेंतील ढग हे असे आहार्य ढग होत. नातीला ही एक गोष्ट आजोबांनीं सांगितली असती, तर बाकीचा वाद उद्भवला नसता.

खोटें खरें धरून चालण्याची ही संवय उपजत नसते, हें एका जुन्या शोधावरून चांगलें दिसतें. १९३१ व १९३२ सालीं अलेक्झांडर लूरिया हे रशियन मानसशास्त्रज्ञ मध्य आशियांत उझबेकिस्तानाच्या खेड्यांत गेले. तेथील निरक्षर शेतकऱ्यांस त्यांनीं असें सांगितलें: अति उत्तरेस, जेथें बर्फ असतें, तेथील सर्व अस्वलें पांढरीं असतात, नोव्हाया झेम्ल्या हा द्वीपसमूह अति उत्तरेस आहे, तर तेथील अस्वलें कोणत्या रंगाचीं? शेतकऱ्यांचें उत्तर साधारण असें कीं, आम्ही तेथें गेलों नाहीं, जें पाहिलें नाहीं त्याविषयीं आम्ही बोलत नाहीं, जो जाऊन आला असेल त्याला विचारा. त्याच भागांतील ज्यांस थोडेंसें शिक्षण मिळालें होतें ते मात्र 'पांढरीं' असें चटकन् सांगत. कोणी म्हणेल, शेतकरी मंदबुद्धीचे. आम्हांस तसें वाटत नाहीं. न्यायालयांत साक्ष देणारा असेंच बोलला तर न्यायाधीश त्याची तारीफ करील. त्यांस प्रश्नाचा खेळ कोणता चालला आहे हें ठाऊक नव्हतें, बुद्धि होतीच.

तरीही मांजर आणि ढग यांचे प्रश्न, खरें पाहतां, सोपे होत. त्यांतील वेडगळपणा उमेदवारास सावध ठेवतो. खरा खड्डा असतो तो पटणाऱ्या निष्कर्षाखालीं. पुढील विधानें पाहा: सर्व डॉक्टर सुशिक्षित आहेत, कांहीं सुशिक्षित लोक गायक आहेत, म्हणून कांहीं डॉक्टर गायक आहेत. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या ओळखींत एखादा गाणारा डॉक्टर असेल, आणि म्हणून मान डोलावण्याची इच्छा होईल. परंतु हा निष्कर्ष निघत नाहीं. ते गाणारे सुशिक्षित सगळेच्या सगळे शिक्षक असूं शकतील, वकील असूं शकतील. डॉक्टर त्यांत एकही नसला तरी दोन्ही विधानें खरींच राहतात. निष्कर्ष खरा आहे, पण या विधानांमुळें खरा नाहीं. जोनाथन इव्हान्स व त्यांचे सहकारी यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडांतील प्रयोगांत असें दिसलें कीं, न निघणारा पण पटणारा निष्कर्ष लोकांनीं सुमारें ७० टक्के वेळां बरोबर ठरविला. तितकाच न निघणारा पण न पटणारा निष्कर्ष मात्र १० टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे न पटलें कीं आपण तपासतों, आणि पटलें कीं तपासणें सोडतों. मोबाइलवरून सकाळीं-सकाळीं येणाऱ्या निरोपांच्या बाबतींत आपल्या घरांत काय घडतें, याचा विचार वाचकांनीं फुरसतीनें करावा.

ज्या विधानांवर हा सारा डोलारा उभा आहे तीं चारच प्रकारचीं आहेत. सर्व क ख आहेत. एकही क ख नाहीं. कांहीं क ख आहेत. कांहीं क ख नाहींत. या चौघांत आपली बोलीभाषा कसा घोटाळा करते याकडे शिकवणीच्या वर्गांत फारसें कोणी लक्ष देत नाहीं, आणि नातीचे गुण तेथेंच जात असावेत असा आमचा तर्क आहे.

'सगळे आंबे गोड नसतात' असें आपण म्हणतों. याचा अर्थ कांहीं आंबे आंबट निघतात, इतकाच. परंतु 'गेले सगळे दिवस पाऊस पडला नाहीं' असें म्हटलें तर एकाही दिवशीं पडला नाहीं असा अर्थ होतो. वाक्यांची ठेवण एकच, अर्थ दोन. मराठींत नकार क्रियापदापाशीं, म्हणजे वाक्याच्या शेवटीं येतो. तो 'सगळे' या शब्दास लागतो कीं क्रियेस, हें आपण आवाजाच्या हेलावरून ठरवितों. परीक्षेच्या कागदास हेल नसतो. 'चकाकतें तें सोनें नसतें' ही म्हण घ्या. अक्षरशः घेतली तर चकाकणारी एकही वस्तु सोन्याची नाहीं असें होईल, आणि सराफांस दुकानें बंद करावीं लागतील. म्हणीला म्हणावयाचें असतें तें 'चकाकणाऱ्या कांहीं वस्तु सोन्याच्या नसतात' एवढेंच. म्हणून प्रश्न इंग्रजींत असो, हिंदींत असो कीं मराठींत, नकार दिसला कीं प्रथम मनाशीं तो या चारांपैकीं एका सांच्यांत ओतून घ्यावा. 'सर्व ... नाहींत' हा पांचवा सांचा अस्तित्वांतच नाहीं.

'कांहीं' या शब्दाची गोष्ट तर अधिकच गमतीची आहे. डब्यांतले कांहीं लाडू नासले आहेत असें सांगितलें, तर घरांतील कोणीही बाकीचे चांगले असें समजून हात घालील. परीक्षेंत असें समजणाऱ्याचें पोट दुखणार. तर्कशास्त्रांत 'कांहीं' म्हणजे निदान एक. सर्वही असूं शकतील. सांगणाऱ्यानें एकच लाडू फोडून पाहिला आहे, बाकीच्यांविषयीं तो गप्प आहे, असें धरावें. म्हणूनच 'कांहीं क ख आहेत' यावरून 'कांहीं क ख नाहींत' असें कधींच निघत नाहीं. उलट, अलीकडे बँकेच्या परीक्षांत 'ओन्ली अ फ्यू' असा शब्दप्रयोग येऊं लागला आहे, त्याचा अर्थ मात्र दुहेरी धरतात: कांहीं आहेत आणि कांहीं नाहींत. तो दिसला कीं 'सर्व' असण्याचें दार बंद झालें असें समजावें. आणि 'फक्त' या शब्दापाशीं तर विधान तोंड फिरवितें. फक्त सभासदांसच पुस्तकें घरीं नेतां येतात, या ग्रंथालयाच्या पाटीवरून सर्व सभासद पुस्तकें नेतात असें होत नाहीं. जे नेतात ते सर्व सभासद असतात, असें होतें. वर्गणी भरून वर्षभर पायरी न चढणारे सभासद आम्हीं कितीतरी पाहिले आहेत.

ही तोंड फिरविण्याची बाब महत्त्वाची आहे. 'एकही क ख नाहीं' हें फिरवितां येतें: एकही ख क नाहीं. 'कांहीं क ख आहेत' हेंही फिरवितां येतें. परंतु 'सर्व क ख आहेत' यास फिरविलें तर हातीं 'कांहीं ख क आहेत' एवढेंच उरतें, आणि 'कांहीं क ख नाहींत' हें तर मुळीं फिरतच नाहीं. येथें आजोबांस जुना मित्र भेटेल. जेथें धूर तेथें अग्नि, हें खरें. म्हणून जेथें अग्नि तेथें धूर, असें म्हणूं जाल तर नैयायिक तापवून लाल केलेला लोखंडाचा गोळा पुढें करतो. त्यांत अग्नि आहे, धूर नाहीं. धूर येण्यास ओलें सर्पण लागतें, ती उपाधि. लाल गोळ्याचें हें उदाहरण ज्याच्या मनांत बसलें त्याच्या हातून 'सर्व' विधान उलटें फिरविण्याची चूक सहसा होणार नाहीं. शिकवणीच्या वर्गांतील दहा सूत्रांपेक्षां आम्ही या एका गोळ्याची किंमत अधिक समजतों.

सूत्रांविषयीं येथेंच दोन शब्द. ॲरिस्टॉटलच्या या रचनेचे हिशेबानें २५६ प्रकार संभवतात, आणि त्यांपैकीं २४ निर्दोष ठरतात. एखादा वर्ग रिकामाही असूं शकतो असें आधुनिकांप्रमाणें मानलें तर १५च उरतात. परीक्षेंत वर्ग रिकामा नाहीं असेंच धरतात, म्हणून 'सर्व'वरून 'कांहीं' तेथें खुशाल काढावें. युरोपांत मध्ययुगीन विद्यार्थ्यांनीं हे निर्दोष प्रकार लक्षांत ठेवण्यासाठीं पद्य रचलें होतें. 'बार्बारा', 'सेलारेंट' अशीं त्यांतील नांवें, आणि प्रत्येक नांवांतील स्वरांवरून विधानांचे प्रकार ओळखावयाचे. आपल्याकडील पाठांतरासारखाच हा प्रकार. आजच्या वर्गांतून 'दोन कांहीं मिळून कांहीं निघत नाहीं', 'दोन नकार मिळून कांहीं निघत नाहीं' अशीं सूत्रें देतात. दोन विधानें जोडून काढावयाच्या निष्कर्षापुरतीं तीं खरीं आहेत. परंतु निष्कर्ष एकट्या विधानास फिरवूनही निघूं शकतो, हें सूत्र पाठ करणारा विसरतो आणि गुण गमावतो.

त्यापेक्षां वर्तुळें काढावींत. स्विस गणिती ऑयलर यानें १७६० ते १७६२ या काळांत एका जर्मन राजकन्येस विज्ञान व तत्त्वज्ञान समजावून देणारीं पत्रें लिहिलीं, त्यांत विधानांसाठीं वर्तुळें वापरलीं आहेत: 'सर्व क ख' म्हणजे मोठ्या वर्तुळाच्या पोटांत लहान वर्तुळ, 'एकही नाहीं' म्हणजे दोन वर्तुळें दूरदूर, 'कांहीं' म्हणजे एकमेकांस छेदणारीं. केंब्रिजचे जॉन व्हेन यांनीं १८८० सालीं निराळी रीत काढली. ते सर्व वर्तुळें आधींच एकमेकांत गुंतवून काढीत आणि जो भाग रिकामा तो छायेनें भरीत. शिकवणीच्या वर्गांत जिला 'व्हेन आकृति' म्हणतात ती बहुधा ऑयलरचीच असते. नांवाचें राहूं द्या. दोष निराळाच आहे. विद्यार्थी एक आकृति काढतो, तींत निष्कर्ष खरा दिसतो, आणि तो 'निघतो' असें लिहून मोकळा होतो. एका आकृतींत खरें दिसणें म्हणजे शक्य असणें. निघणें म्हणजे दिलेल्या विधानांस धरून जितक्या आकृति काढतां येतील त्या सर्वांत खरें असणें. म्हणून पहिली आकृति विधानें मांडण्यासाठीं काढावी, आणि दुसरी निष्कर्ष मोडण्यासाठीं. मोडला तर निघत नाहीं. प्रामाणिक प्रयत्न करूनही मोडला नाहीं, तरच निघतो.

एक प्रश्न स्वयंपाकघरांतूनच घेऊं. एकही वाटी फुलपात्र नाहीं. सर्व फुलपात्रें पितळी आहेत. पहिला निष्कर्ष: एकही वाटी पितळी नाहीं. दुसरा: कांहीं पितळी वस्तु वाट्या नाहींत. फुलपात्रांचें वर्तुळ पितळी वस्तूंच्या मोठ्या वर्तुळांत काढा. वाट्यांचें वर्तुळ फुलपात्रांपासून दूर हवें, एवढीच अट. पहिल्या आकृतींत तें पितळी वर्तुळाच्या बाहेर पडेल आणि पहिला निष्कर्ष खरा दिसेल. आतां वाट्यांचें तेंच वर्तुळ पितळी वर्तुळाच्या आंत सरकवा, फुलपात्रांस मात्र शिवूं देऊं नका. दोन्ही विधानें शाबूत आहेत आणि पहिला निष्कर्ष मोडला. दुसरा मोडून पाहा. मोडणार नाहीं, कारण फुलपात्रें पितळी आहेत आणि तीं वाट्या नाहींत, तीं आकृतींतून कोठें जाणार? याच प्रश्नांत 'सर्व वाट्या पितळी असण्याची शक्यता आहे' असा निष्कर्ष विचारला, तर तो निघतो. शक्यतेला एक आकृति पुरते, आणि ती आपण आतांच काढली. निश्चिताला सर्व आकृति, शक्यतेला एक, आणि अशक्य ठरविण्यास एकही नाहीं, एवढें या प्रकरणाचें सार आहे. कधीं 'कांहीं क ग आहेत' आणि 'एकही क ग नाहीं' असे दोन निष्कर्ष शेजारीं-शेजारीं देतात. दोहोंपैकीं एकही स्वतंत्रपणें निघत नसेल, पण दोहोंतील एक तर खरा असणारच, म्हणून 'पहिला किंवा दुसरा' हें उत्तर निवडावयाचें असतें.

नातीच्या परीक्षेचा हिशेबही पाहिला पाहिजे. मुंबईच्या आयबीपीएस या संस्थेमार्फत होणाऱ्या अधिकारी-पूर्वपरीक्षेंत तर्काच्या ३५ प्रश्नांस २० मिनिटें मिळतात, म्हणजे एका प्रश्नास ३४ सेकंद, आणि चुकलेल्या उत्तरास त्या प्रश्नाच्या गुणांचा चतुर्थांश कापला जातो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेंत २०११ सालीं आलेल्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेंतही असे प्रश्न येतात. तेथें २०१५ पासून ३३ टक्के गुण मिळविणें एवढेंच लागतें, म्हणून घाई कमी. बँकेच्या परीक्षेंत मात्र ज्यास दोन आकृति काढण्यास दोन मिनिटें लागतात त्यानें त्या काढूंच नयेत असें होऊन बसतें. यास उपाय घरांतल्या सरावाचा, आणि तेथें आजोबांइतका उपयोगी माणूस दुसरा नाहीं.

तो सराव असा करावा. नातीनें विधानें मोठ्यानें वाचून वस्तूंच्या जागीं क, ख, ग घालावेत, म्हणजे मांजर आणि डॉक्टर दोघेही नाहींसे होतात. मग तिनें निष्कर्ष निघतो कीं नाहीं तें सांगावें. आजोबांनीं पूर्वपक्ष घ्यावा: ती 'निघतो' म्हणाली कीं त्यांनीं तो मोडणारी आकृति काढण्याचा यत्न करावा, आणि 'निघत नाहीं' म्हणाली तर मोडणारी आकृति तिच्याकडून मागावी. नुसतें बरोबर उत्तर ऐकून त्यांनीं सोडूं नये. विधान खरें कीं खोटें हा विषय त्या अर्ध्या तासापुरता घरांत निषिद्ध समजावा. आजींनीं आंतून 'मांजरें कधीं टेबलें असतात का?' असें विचारलें तरी उत्तर देऊं नये. पहिल्या आठवड्यांत एका प्रश्नास पांच मिनिटें लागलीं तरी चालतील. घड्याळ पंधरवड्यानंतर समोर ठेवावें. हळूहळू दुसरी आकृति कागदावर काढण्याची गरज राहत नाहीं, ती डोक्यांतच उमटते, आणि वेळ वांचतो तो तेथें. जेथें तरीही संदेह राहील तेथें चतुर्थांशाचा दंड आठवून प्रश्न सोडून द्यावा, हेंही शिकविण्याजोगेंच आहे.

आरंभास उपयोगी पडावेत म्हणून कांहीं प्रश्न देतों. सर्व पंचांगें पुस्तकें आहेत. कांहीं पुस्तकें जुनीं आहेत. तर कांहीं पंचांगें जुनीं आहेत काय? निघत नाहीं, हा गाणाऱ्या डॉक्टरांचाच भाऊ. उपवासाच्या एकाही पदार्थांत कांदा नाहीं. या घरच्या सर्व भज्यांत कांदा आहे. तर या घरचें एकही भजें उपवासाचें नाहीं काय? निघतें, आणि मोडून पाहण्याचा मोह झाला तरी मोडत नाहीं. आतां शेवटचा, तीन निष्कर्षांचा. फक्त जागे असलेलेच ऐकतात. कांहीं विद्यार्थी जागे नाहींत. निष्कर्ष एक: कांहीं विद्यार्थी ऐकत नाहींत. निष्कर्ष दोन: जे विद्यार्थी जागे आहेत ते सर्व ऐकतात. निष्कर्ष तीन: ऐकणारे सर्वच विद्यार्थी असण्याची शक्यता आहे. पहिला निघतो, दुसरा निघत नाहीं, आणि दुसऱ्याविषयीं शंका असल्यास कोणत्याही शिक्षकांस विचारावें. तिसऱ्याचें उत्तर आकृतीसह पुढील अंकीं देऊं. तत्पूर्वीं घराघरांतून आकृति काढून पाठविल्यास त्यांतील एक-दोन येथें छापण्याचा विचार आहे.